पायाची आजी

"उद्या दुपारपर्यंत त्या शब्दाची आजी दरबारात हजर करा! नाहीतर पगडी उतरवून घरी बसा!"

राजाने असं फर्मावलं आणि भिकाजी दुभाष्याच्या तोंडचं पाणी पळालं. बंदरात तीन गलबतं आली होती. धक्क्यावर आधी पाय कोणी ठेवायचा यावरून तिघे कप्तान हातघाईवर आले. भांडताना पायाला इंग्रज म्हणाला 'फूट', हॉलंडचा वलंदेज म्हणाला 'वूट', डेन्मार्कचा डिंगमार म्हणाला 'फोद'. झालं! जो तो ओरडू लागला, "शब्द आमचा, या दोघांनी चोरला!" भिकाजी बोलून गेला, "महाराज, तिन्ही शब्द एकाच आजीची नातवंडं असावीत. पण तिला कोणी ऐकलेलं नाही." राजा हट्टाला पेटला. "मग आणाच तिला!"

रात्री भिकाजी भरल्या पानावरून उठू लागला. लेक येसू दुधाला विरजण लावत होती. हातातल्या वाटीकडे बघून ती हसली.

"बाबा, पोटभर जेवा. आजीचं मी बघते."

दुसऱ्या दिवशी येसू रिकामी वाटी घेऊन दरबारात उभी.

"महाराज, आजी यायला तयार आहे. पण तिला दहीभात लागतो. तुमच्या मुदपाकखान्यातलं विरजण द्या."

"हात्तिच्या! घेऊन जा."

"कालचं नको, महाराज. आजी फार सोवळ्याची. तुमच्याकडचं सगळं दही ज्यापासून लागलं, ते अगदी पहिलं हवं!"

"वेडी की काय तू? माझ्या पणजीने ते शेजारणीकडून आणलं, शेजारणीने आणखी कुणाकडून! पहिलं दही पाहिलंय कोणी?"

"म्हणजे ते नव्हतंच?"

"नव्हतं कसं? त्याशिवाय आज माझ्या पानात दही आलं कुठून!"

"आजीचंही तसंच, महाराज! ती तिघांच्या तोंडात आहे. एकाच विरजणाचं दही एकाच्या घरी गोड लागलं, दुसऱ्याच्या आंबट, तिसऱ्याच्या पातळ. यात चोर कोण?"

राजाच्या मिशा हलू लागल्या. "बरं बाई! पण धक्क्यावर आधी कोण?"

"एका आजीची नातवंडं एकाच पंगतीला बसतात, महाराज. तिघांना हात धरून एकदम उतरू द्या!"

तसंच झालं. एकमेकांना घट्ट धरून लंगडी घातल्यासारखे उतरणारे ते तीन धिप्पाड कप्तान पाहून राजा पोट धरधरून हसला. भिकाजीच्या पगडीला मोत्यांचा तुरा लागला, येसूच्या दारी दुभती म्हैस आली.

"घे!" राजा डोळे पुसत म्हणाला, "आणि विरजण मागायला पुन्हा माझ्या दारी येऊ नकोस!"