धूर थांबला, पण आवा निवला का?

खूप खूप जुनी गोष्ट. तेव्हा राजे होते, राण्या होत्या, आणि तहान लागली की त्यांनाही मडक्यातलंच पाणी प्यावं लागायचं.

एका गावात दोन भाऊ होते, दोघेही कुंभार. गावची माती संपत आली होती. चांगली माती उरली होती ती राजाच्या नदीकाठी. एके दिवशी राजाने दवंडी पिटवली: राजकन्येच्या लग्नासाठी शंभर अखंड मडकी जो आधी आणील, त्याला ती माती कायमची! झालं, दोन्ही घरांत एकच धांदल उडाली. माती मिळाली तर चाक फिरणार, नाहीतर धंदाच बसणार.

दोघांनी एकाच दिवशी मडकी भाजायचे आवे पेटवले. तिसऱ्या सकाळी दोन्हींचा धूर थांबला. थोरल्याने आनंदाने उडी मारली आणि राख उपसायला फावडं उचललं.

धाकट्याची बायको धावत आली. "भाऊजी, थांबा. आवा अजून तापलेला असेल."

"आवा निवला की धूर थांबतो, हे बाबा सांगून गेलेत. धूर थांबलाय, म्हणजे आवा निवलाय."

"मामंजींचं खरंच आहे. पण लाकडांचे निखारे झाले, तरीही धूर थांबतोच ना?"

थोरल्याला वाटलं, ही आपल्याला मागे ठेवायला बघतेय. त्याने राख ओढली. गार वारा आत शिरला आणि आतून तडतड आवाज सुरू झाला. शंभरातली दहासुद्धा मडकी धड निघाली नाहीत.

इकडे धाकटीचा जीवही वरखाली होत होता. नवरा गाडी जुंपून सारखा विचारत होता, उघडू का? ती मात्र वाळल्या गवताची लांब काडी राखेत तळापर्यंत खोचत होती. आवा तापलेला असला तर काडी करपतेच, हे तिला पक्कं ठाऊक होतं. सकाळी काडी काळी निघाली. दुपारीही करपलेली निघाली. दिवस कलताना मात्र घातली तशीच पिवळीधमक बाहेर आली.

"करपली नाही, म्हणजे आवा तापलेला नाही. काढा मडकी!"

मग काय, गाडी धुरळा उडवत राजवाड्यापाशी! राजाच्या माणसांनी एकेक मडकं वाजवून पाहिलं. शंभरच्या शंभर खणखणीत निघाली.

नदीकाठची माती धाकट्याला मिळाली. थोरल्यालाही तिथूनच माती न्यायला मिळाली, पण ती मागताना त्याची मान वर होईना.

बोध: 'हे झालं की ते होतं' हे खरं असलं, तरी ते झालं म्हणून हेच झालं असेल, असं धरून चालू नये.