बाबांची शाल आणि कसर

एकदा एक तरुण शिष्या आपल्या वृद्ध गुरुजींच्या आश्रमात लोकरी शाल घेऊन आली. एका काखेत शाल, दुसऱ्या काखेत तान्ही लेक. नुकतीच आई झालेली ती बाई मुळातच जिवाला घोर लावून घेणारी. बाळाला साधी शिंक आली तरी तिचा जीव खालीवर होई.

शाल तिच्या वडिलांची होती. शेवटच्या दुखण्यात ती त्यांच्या अंगावर असे. ते गेले त्या दिवशी तिनं ती घडी करून पेटीत ठेवली. आता लेकीचं उष्टावण जवळ आलं होतं. बाळाला आजोबांच्या मांडीवर बसवून पहिला घास भरवायचा, अशी तिच्या माहेरची रीत. आजोबा नाहीत, निदान त्यांची शाल तरी बाळाच्या खाली असावी, एवढीच तिची इच्छा. आणि पेटी उघडली तर शालीला कसर लागलेली. दोन फिकट पाखरं भुर्रकन उडाली, उजेडाकडे धरलं तर शालीची चाळण झालेली.

"गुरुजी, कडुनिंबाचा पाला घातला, वेखंड घातलं. मेली कसर तरी येतेच कुठून?"

"शाल धुतली होतीस?"

"नाही." ती घुटमळली. "बाबांच्या अंगाचा वास आहे तिला."

गुरुजींनी बादलीभर पाण्यात रिठ्याचा फेस केला आणि शाल त्यात बुडवली. शिष्येनं धावत जाऊन त्यांचा हात धरला.

"गुरुजी, तेवढंच उरलंय हो त्यांचं."

गुरुजींनी हात सोडवून घेतला नाही. शांतपणे म्हणाले, "पोरी, तू पेटीवर पहारा ठेवलास आणि चोराचं पान आत वाढून ठेवलंस. घामाचे, काढ्याचे डाग, अंधार, आणि वर्षभर कोणी हलवणारं नाही. कसरीला आणखी काय हवं? तू बाबांचं म्हणून जे जपत होतीस, त्यावरच ती पोसली."

"मग उरलं काय त्यांचं?"

"हा वास त्यांच्या आजारपणाचा, बाळ. शाल त्याच्या आधीचीही आहे. तुला शाळेत सोडायला येत तेव्हा खांद्यावर हीच असे ना?"

किती तरी दिवसांनी तिला अंथरुणावरचे नव्हे, रस्त्यानं झपझप चालणारे बाबा आठवले. हात आपोआप सुटला.

शाल कडक उन्हात वाळली. दोघांनी मिळून तिच्या काठाच्या दुमडी ब्रशनं झाडल्या, पेटीच्या फटीही साफ केल्या. भोकं तिनं रफू केली. नीट पाहिलं तर दिसत होती.

उष्टावणाच्या दिवशी बाळ शालीवर ऐटीत बसलं. पहिलाच घास त्यानं थू करून बाहेर काढला आणि खीर शालीवर ओघळली. "अगं, डाग पडेल," घरातल्या बायका म्हणाल्या. सगळ्यांना वाटलं, आता ही रडकुंडीला येणार.

तिनं बाळाचं तोंड पुसलं. "पडू दे," म्हणाली आणि दुसरा घास उचलला.

पाहुणे गेल्यावर तिनं रिठे भिजत घातले.