बिनदोराची डोलकाठी

त्या बंदरात प्रत्येक होडीला डोलकाठी असे आणि प्रत्येक डोलकाठीला दोर असत. दोरांनी चहूबाजूंनी ओढून धरलं की डोलकाठी उभी राही. जितके दोर जास्त, तितकं होडीचं घराणं मोठं समजलं जाई, आणि वाऱ्यात वाकणं ही तिथे मोठीच नामुष्की होती.

तिथल्या एका शिडाच्या नौकेवर पाठदोरी होती. डोलकाठीच्या शेंड्यापासून नौकेच्या मागच्या टोकापर्यंत ताणलेली, जुनी, मिठानं खरबरीत झालेली. उभा जन्म तिने डोलकाठीला मागे ओढलं होतं, कारण नौकेच्या पुढच्या टोकाला बांधलेला थोरला दोर डोलकाठीला पुढे ओढायचा. दोघांचं भांडण नव्हतं. पण एकानं ओढलं की दुसऱ्याला ओढावंच लागे, आणि आधी सैल कुणी व्हायचं हे कधी ठरलंच नाही. पाठदोरी थकली होती. तिला मान नको होता, कौतुक नको होतं. एकदा अंग टाकून पडायला मिळावं, एवढंच हवं होतं.

मग जुनी डोलकाठी कुजली आणि तिच्या जागी नवी बसवण्यात आली. ही वेगळीच निघाली. बुंध्याशी जाड, शेंड्याला निमुळती, आणि पाय थेट नौकेच्या पोटात तळापर्यंत रोवलेला. तिला दोरांची गरजच नव्हती. वारा वाढला की ती वाके, शिडातला जादा वारा सांडून देई आणि पुन्हा सरळ होई. जुन्या दोरांची वेटोळी करून ती फळ्यांवर ठेवली गेली. पाठदोरीला उन्हात अशी गाढ झोप लागली की कूस बदलायचीही शुद्ध राहिली नाही.

बाकीच्यांची झोप मात्र उडाली. शेजारच्या होड्या नवीकडे बघून कुजबुजू लागल्या की चारचौघांत वाकते, हिला कुणी धरणारं नाही का? शिवाय बिनकामाच्या दोराचं पुढे काय होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याचे पीळ उकलून फळ्या पुसायचं पोतेरं करतात. थोरल्या दोरानं बैठक बोलावली. पोतेऱ्याचं नाव त्याने काढलं नाही. तो फक्त नवीबद्दल बोलला. पोर अजाण आहे, म्हणाला, उद्या काही बरंवाईट झालं तर बंदर आपल्यालाच विचारेल. डोलकाठीला डावी-उजवीकडून ताणणाऱ्या बगलेच्या दोरांनी माना डोलावल्या. ते सगळे मनापासून बोलत होते, हीच त्यातली वाईट गोष्ट.

सफरीच्या सकाळी दोर एकेक करून नवीवर चढले आणि गाठी मारून ताणून बसले. मी वाकते म्हणूनच टिकते, असं तिने सांगून पाहिलं. तो उद्धटपणा ठरला. शेवटी पाठदोरीची पाळी आली, तेव्हा नवी हलकेच म्हणाली, "मावशी, तुम्ही तरी पडून राहा ना. मागून वारा आला तर मला पुढे झुकायला जागा लागेल."

पाठदोरीला पटलं. पटलं काय, पोर तिच्या मनातलंच बोलली होती. पण थोरला बघत होता, बगलेचे बघत होते, शेजारपाजारचे दोरही टक लावून होते. सगळे राबत असताना आपण एकटीनं कसं लोळायचं? तिला लाज वाटली.

"आजचा दिवस धरते, पोरी," ती म्हणाली. "उद्या बघू."

वारा मागूनच आला, भर दुपारी, उघड्या समुद्रात. शीड फुगून टम्म झालं. नवीनं झुकायला पाहिलं, पण तिला कुठल्याच बाजूला तसूभर जागा नव्हती. जितकी ती धडपडली तितके दोर घाबरले, आणि घाबरले तितके जास्त ओढू लागले. पाठदोरीला नवीच्या अंगातला ताण गाठीतून कळत होता. आता सोडावं, आता सोडावं, असं म्हणत तीही ओढतच राहिली. मग ऐन मध्यावर कडकड आवाज झाला आणि नवी आडवी आरपार तडकली.

ती पडली नाही. दोर घट्ट होते.

नौका बंदरात शिरली तेव्हा सगळं बंदर बघायला लोटलं. एवढ्या वादळातून आलेली डोलकाठी ताठ उभी होती, जराही हलत नव्हती. दोर होते म्हणून वाचली, असं जो तो म्हणू लागला. थोरल्यानं नम्रपणे मान खाली घातली. आम्ही काय, आमचं काम केलं, एवढंच तो बोलला, आणि त्याचे डोळे खरोखर भरून आले होते.

गर्दी पांगली. पाठदोरीचा पीळ न् पीळ ठणकत होता. आता तरी आपल्याला कुणी बघत नाही, असं वाटून तिने गाठ किंचित ढिली केली. त्याबरोबर नवीचा वरचा अर्धा भाग खालच्या भागावरून घसरला आणि करकरला.

"मावशी," वरून बारीक आवाज आला, "धरून ठेवा."

पाठदोरीनं गाठ आवळली आणि पुन्हा ओढायला सुरुवात केली.