नकार देणारे चौघे

अनंतकोटी टेक्नॉलॉजीज या भल्यामोठ्या कंपनीत तक्रार विभागाच्या प्रमुखाची खुर्ची वर्षभर रिकामी होती. उमेदवार रांगा लावून येत आणि माना खाली घालून जात. कारण शेवटची मुलाखत घेणाऱ्या चौघांनी आजवर एकालाही होकार दिला नव्हता! मालक दिवेकरसाहेब मात्र खूश. “नकार हीच आमच्या दर्जाची खूण!” असं ते भाषणांतून छाती फुगवून सांगत.

सिन्नरची वैजयंता घुगे सगळ्या फेऱ्या पार करत या चौघांपुढे येऊन बसली. ती काम करत होती त्या मोबाइलच्या दुकानाचा मालक सकाळीच कडाडला होता, “पुन्हा मुलाखतीला गेलीस तर इकडे फिरकू नकोस!” म्हणजे ही नोकरी मिळाली नाही, तर हातची होती तीही गेली.

“समजा, तुम्ही झाड आहात. कोणतं?” पहिल्याने विचारलं.

“बाभूळ.”

“बाभूळच का?”

“उगाच कुणी अंगाला खेटत नाही.”

“पुण्यात न्हावी किती असतील?” हा दुसरा. डोक्यावर चकचकीत टक्कल.

“तुम्हाला कशाला ती काळजी, सर?”

“पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता?” तिसऱ्या बाई होत्या.

“या वेगानं, मॅडम? याच खुर्चीत, पुढच्या फेरीला!”

“हुशारी आहे, पण आमच्या कंपनीच्या संस्कृतीत बसत नाही,” चौथ्याने निकाल दिला. तिघांनी माना डोलावल्या.

कोपऱ्यात बसलेले दिवेकरसाहेब मिश्कीलपणे म्हणाले, “जीभ तिखट आहे गं तुझी! या चौघांचा होकार आत्ता, याच खोलीत मिळवून दाखव. नाहीतर चालू लाग!”

चौघे गालात हसले. वैजयंता मात्र उठली नाही.

“साहेब, यांनी घेतलेला माणूस वाईट निघाला, तर बोलणी कोण खातं?”

“होकार देणारा! दुसरं कोण?”

“आणि नाकारलेला माणूस चांगला असला तर?”

“ते कुणाला कळणार?”

“मग नकारच सोयीचा की! साहेब, एवढंच करा. जो मला नकार देईल, त्याने दुसरं माणूस मिळेपर्यंत गिऱ्हाइकांच्या तक्रारींचे फोन स्वतः घ्यायचे. आत्तापासून!”

“ठरलं!” साहेबांनी टेबलावर थाप मारली.

वर्षभर ताटकळलेली, संतापलेली गिऱ्हाइकं डोळ्यांपुढे येताच चौघांच्या तोंडचं पाणी पळालं.

“मला तर बाभूळच आवडली होती!” पहिला म्हणाला.

“काय हजरजबाबी मुलगी!” टक्कलवाल्याने डोक्यावरून हात फिरवला.

“अशीच हवी होती आपल्याला,” बाई म्हणाल्या.

“आणि संस्कृतीत तर इतकी चपखल बसते...” चौथ्याने घाईघाईने शेपूट जोडलं.

“थांबा!” दिवेकरसाहेब गुरगुरले. “अजून मी कुठे हो म्हटलंय? शेवटचा शब्द माझा!”

“जरूर, साहेब. सावकाश विचार करा,” वैजयंता म्हणाली. “तोवर ते फोन तुमच्या केबिनमध्ये जोडून द्यायला सांगू?”

साहेब खुर्ची करकरेपर्यंत खदाखदा हसले. नेमणूकपत्र तिथल्या तिथे निघालं. वर बक्षीस म्हणून साहेबांनी तिच्या हाताखाली चार मदतनीस दिले. मुलाखती घेण्याच्या कामातून ते चौघे नुकतेच मोकळे झाले होते.