वास गेल्यावर

"...मग मला चीवर कधी देणार, भन्ते? घर सोडायला मी तयार आहे."

यशोधन ओव्हाळांनी पुन्हा तेच विचारलं.

म्हातारे भन्ते खोकत होते. टेकडीवरच्या त्या विहाराची खिडकी तेलशुद्धीकरण कारखान्याकडे उघडायची. वाऱ्याबरोबर सडक्या अंड्यासारखा वास आत आला.

"हा तुमचाच ना?" भन्ते नाकाला चीवराचं टोक लावत म्हणाले.

"आमचाच." ओव्हाळ थकल्यासारखे हसले. उभी हयात त्यांनी डिझेलमधलं गंधक काढण्यात घालवली होती. "गाड्यांच्या धुरातलं विष कमी व्हावं, म्हणून गंधक आम्ही आधीच काढून घेतो. त्यातून हा वायू निघतो."

शहराची हवा खरंच थोडी हलकी झाली होती. त्यांच्या बायकोच्या दम्याला मात्र ती उशिरा मिळाली.

"घाबरायचं का याला?"

"एवढ्याशा वासाला नाही. वायू फार वाढला की नाकच बधिर होतं. नव्या माणसाला आम्ही पहिलं हेच शिकवतो... वास येता येता अचानक बंद झाला, तर बरं वाटून घेऊ नका."

"मग काय करायचं?"

"हातातलं टाकून पळायचं."

भन्तेंनी नाकावरचं चीवराचं टोक खाली घेतलं.

"मुलीचं काय?"

"उत्पलाला सोमवारी वसतिगृहात सोडतोय. आई गेल्यापासून अजून तिच्या साडीत तोंड खुपसून रडते. मी समजावलं, बाळा, सगळं अनित्य आहे. तर म्हणते, 'पप्पा, तुम्ही कारखान्यातच राहायला जा.'"

"ती रडते, तेव्हा तुम्हाला काय होतं?"

"काही नाही." ओव्हाळांच्या आवाजात प्रथमच ताठा आला. "डिझेलसारखं मनही साफ केलंय मी. आधी फार व्हायचं. घास उतरायचा नाही. मग एका सकाळी उठलो, तर... काहीच नव्हतं. तेव्हाच कळलं, आपण तयार झालो."

"एका सकाळी? अचानक?"

"अचानक, भन्ते."

भन्ते भिंतीला धरून उठले. दाराबाहेर जाऊन कष्टाने वाकले. ओव्हाळांच्या चपला त्यांनी हातात घेतल्या, आणि टाचा विहाराकडे, अंगठे उताराकडे करून नीट मांडल्या.

ओव्हाळ ओशाळून उठले. "भन्ते, हे काय! माझ्या चपला तुम्ही..."

"पळा, उपासक."