कुंभारणीचा हारा

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा बऱ्याच डोंगरांना नावंसुद्धा पडायची होती. अशाच एका बिननावाच्या डोंगरावर एक गाव होतं आणि त्या गावाची एक रीत होती. रिकामी टोपली घेऊन वेस ओलांडायची नाही. वेशीवर एक म्हातारा राखणदार बसायचा. जाणाऱ्याच्या टोपलीत हात घालून बघायचा आणि हाताला काही लागलं तरच म्हणायचा, "जा बाळा, भरल्या हातानं जा, भरल्या हातानं ये."

रीत कुणी घातली आणि कशासाठी घातली, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पण माणसाला मिरवायला निमित्त पुरतं. होता होता गावात असं झालं, की ज्याचं गाठोडं मोठं त्याचा मान मोठा. एका दिवसासाठी बहिणीकडे निघालेला माणूससुद्धा गादी गुंडाळून बरोबर घ्यायचा. हसू नका. आपल्याही घरात असा एखादा असतोच.

त्या गावात कुंभाराचं एकच घर होतं. कुंभारीण बोलायला कमी, पण एका गोष्टीचा तिला भारी अभिमान होता. तिच्या वडिलांनी जन्मभर डोंगर उतरून राजधानीच्या बाजारात मडकी नेली आणि त्यांचं एकही मडकं कधी वाटेत फुटलं नाही. "घडवलं म्हणजे काम झालं असं समजू नकोस पोरी," ते म्हणायचे, "अजून पोचवायचं राहिलंय." ते पोचवण्याचं काम त्यांनी लेकीला मन लावून शिकवलं होतं.

त्या वर्षी गावात एकाच मांडवात पाच लग्नं ठरली. एक पाटलांच्या मुलीचं, एक कुंभारणीच्या एकुलत्या एका लेकीचं आणि तीन आणखी. नवरीच्या हातात राजधानीतल्या कासाराचा हिरवा चुडा हवा, असा तिथला रिवाज. दरवर्षी तो आणायला बायका जात आणि दरवर्षी निम्म्या बांगड्या वाटेतच वाढत. बांगडी फुटली असं आपण म्हणत नाही, वाढली म्हणतो. तेही तसंच म्हणत. मागच्या वर्षी तर एका नवरीला मावशीच्या जुन्या बांगड्या घालून बोहल्यावर चढावं लागलं. सासरची माणसं तिला त्यावरून अजून टोचून बोलत होती. आपल्या लेकीवर ती वेळ येऊ द्यायची नाही, असं कुंभारणीनं मनाशी पक्कं केलं होतं.

राजधानीतला मोठा बाजार वर्षातून एकदाच भरे, तोही दोन दिवस. बाजार उठला की दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत घरी, आणि लगेच उजाडता मांडव. चुकलं तर पुन्हा जायला सवडच नव्हती.

निघायच्या दिवशी पाचही नवरी मुलींच्या आया वेशीवर जमल्या. पाटलीणबाईंनी एक तट्टू आणलं होतं. दोन दिवसांच्या बाजारासाठी सहा लुगडी, पितळी हंडा, लोणच्याची बरणी, आरसा आणि पंधरा दिवस पुरतील एवढे लाडू! "शहरात माणसाची किंमत गाठोड्यावरून करतात," त्या म्हणाल्या. बाकीच्या तिघींनीही जमेल तेवढं बांधून घेतलं होतं.

कुंभारीण आली ती डोक्यावर हारा घेऊन. हारा म्हणजे मडकी न्यायची मोठी टोपली. दुसरं लुगडं तिनं पिळून हाऱ्याखाली चुंबळ म्हणून ठेवलं होतं. भाकऱ्या एका मोठ्या फडक्यात बांधल्या होत्या, म्हणजे भाकऱ्या संपल्या की तेच फडकं परतताना हाऱ्याच्या तोंडावर बांधता येईल.

राखणदारानं हाऱ्यात हात घातला. "अगं, हा तर रिकामा!"

"रिकामा नाही बाबा, मोकळा आहे," कुंभारीण म्हणाली. "आणि नीट बघा, तळाला पेंढा आहे."

बायका खो खो हसल्या. पाटलीणबाई म्हणाल्या, "पेंढा? शहरात जाऊन म्हैस पाळायचा विचार दिसतो!"

कुंभारीण लाजली नाही. "पाटलीणबाई, मी काही न्यायला निघाले नाही. आणायला निघाले आहे."

राखणदारानं पेंढा मुठीत धरून पाहिला. "हाताला काहीतरी लागलं खरं," तो पुटपुटला. "जा बाळा."

राजधानीत पोचल्यावर चौघी धर्मशाळेत अडकल्या. एवढी गाठोडी घेऊन बाजारात शिरता येईना आणि टाकून जाता येईना. राखायला कोण बसणार, यावरून त्यांचं वाजलं. पहिला दिवस पाळ्या लावण्यात आणि रुसण्यात गेला.

कुंभारीण मात्र हारा डोक्यावर घेऊन सरळ कासाराच्या दुकानात गेली. त्याच्या बांगड्या बघून तिचे डोळेच निवले. इतकं नाजूक काम तिनं कधी पाहिलं नव्हतं.

"गाव कुठलं?" कासारानं विचारलं.

"डोंगरावरचं."

"मग त्या पलीकडच्या जाड बांगड्या घ्या, बाई. हे बारीक काम मी डोंगरावर देत नाही. वाटेत वाढतात आणि लोक म्हणतात कासाराचा माल कच्चा."

कुंभारणीला ते लागलं. पण ती भांडली नाही. "यातली एक द्या," ती म्हणाली. "वाढली तर भरून देईन."

तिनं पेंढ्याची एक वेणी वळली, ती बांगडीच्या आतून बाहेरून गुंडाळली, हाऱ्यात मधोमध बसवली आणि वर पेंढा दाबला. मग हारा डोक्याएवढा उंच उचलला आणि फरशीवर सोडून दिला. कासारानं डोळे मिटून घेतले. कुंभारणीनं बांगडी काढली आणि नखानं वाजवली. टिण्ण!

"कुठं शिकलात हे?" कासारानं विचारलं.

"वडिलांकडे. कुंभार होते."

हे तिनं आजवर कितीदा सांगितलं होतं, पण इतक्या ताठ मानेनं कधी सांगितलं नव्हतं. कासारानं आतून सगळ्यांत देखणा चुडा काढला आणि तिच्या लेकीसाठी दिला. शेजारी तसाच आणखी एक ठेवला. "हा विकत नाही. हा तुमच्या हाताचा मान. माझी बांगडी कशी न्यावी, हे कळणारं माणूस आज पहिल्यांदा भेटलं."

तो मानाचा चुडा घरच्या कोनाड्यात ठेवायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा, असं तिनं तिथंच ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी बाकीच्यांनी घाईघाईनं चुडे घेतले. बांधाबांध करताना पाहतात तो काय, ठेवायला जागाच नाही! तिघी हळूच कुंभारणीकडे आल्या. "वहिनी, तुझ्या हाऱ्यात जागा आहे का गं?"

"आहे की. म्हणून तर मोकळा आणला."

पाटलीणबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. "माझ्या लेकीचा चुडा गुरांच्या चाऱ्यात? मी हंड्यात ठेवीन. पितळ काही फुटत नाही."

पितळ फुटत नाही, हे त्यांचं अगदी खरं होतं. परतताना शेवटच्या खिंडीत, एका बाजूला जास्त लादलेलं तट्टू घसरलं आणि हंडा दगडावर आपटला. हंड्याला पोचासुद्धा आला नाही. आतून मात्र खळ्ळकन आवाज आला.

वेशीवर अख्खा गाव वाट बघत होता. पाचही नवऱ्या पुढं उभ्या होत्या. पाटलीणबाईंनी हंड्यात हात घातला आणि मूठभर हिरव्या काचा बाहेर काढल्या. "वाढल्या गं," त्या खाली बसल्या. "सगळ्या वाढल्या." त्यांच्या लेकीनं पुढं केलेले हात तसेच राहिले.

कुंभारणीनं फडकं सोडलं. पेंढ्यातून एक एक चुडा काढला, नखानं वाजवून दाखवला आणि जिचा तिला दिला. चार चुडे झाले. मग तिच्या हाताला पाचवा लागला आणि तिचा हात तिथंच थांबला. हा चुडा नुसता चुडा नव्हता. बापाच्या नावाला शहरानं दिलेला मान होता तो. आणि कुणाला द्यायचा? म्हशीवरून हसणाऱ्या बाईच्या लेकीला? तिला वाईट वाटलं, रागही आला. मग तिनं त्या पोरीची मोकळी मनगटं पाहिली. लहानपणी हेच हात तिच्या अंगणात मातीचे बैल करायचे.

"पाटलीणबाई," ती म्हणाली, "तुमच्या हंड्यात बांगड्या वाढल्या, तसा माझ्या हाऱ्यातही एक चुडा वाढलाय. पण माझा खरोखरीचा वाढलाय बरं का, चारावर पाचवा." आणि तिनं तो स्वतःच्या हातानं त्या पोरीला भरला.

पाटलीणबाईंचे डोळे भरून आले. "मी तुला हसले गं."

"हसा की. फक्त पुढच्या वर्षी पेंढा घेऊन चला."

दुसऱ्या दिवशी पाचही नवरी मुलींचे हात मांडवात किणकिणले. कुंभारीण सगळ्यांत पुढं बसली होती. तिला अभिमान वाटत होता आणि तो तिनं लपवला नाही. का लपवावा? कोनाडा रिकामाच राहिला, पण गावात कुणीही चुड्याचं नाव काढलं की तिच्या वडिलांचं नाव निघू लागलं.

पुढच्या बाजाराला पाटलीणबाई वेशीवर आल्या त्या पेंढा घातलेली टोपली घेऊन. राखणदारानं आत हात घातला आणि तेव्हापासून तो जे म्हणू लागला, तेच पुढं गावाची रीत झालं : "मोकळी जागा ठेवलीस ना? मग जा बाळा."

तात्पर्य : जे आणायला निघालो त्याच्यासाठी जागा ठेवून निघावं, ओझ्याचा तोरा वाटेत उतरतो, तयारीचा अभिमान घरापर्यंत पोचतो.