धुनीवरची आण

“कुणी आत येऊ दिली ही रोपं?”

पट्टशिष्य हंसनाथाच्या आवाजानं अख्खा मठ दचकला. ओसरीवर पपईची बारा रोपं मांडून कृषिशास्त्रज्ञ डॉक्टर कमळजा भोर उभी होती. मठाची सगळी पपई रोगानं गेली होती. या रोपांना तो रोग लागत नाही. त्यांच्या जनुकांतच तशी सोय केलेली. सरकारी परवानगीनं चाचणी करायला तिला मठाचं रान हवं होतं.

“देवाच्या घडणीत लुडबूड? कोण लागून गेलात तुम्ही?”

त्यानं रोपं अंगणात भिरकावली. तेवढ्यानं राग निवतोय कसला! तरातरा जाऊन त्यानं धुनीवर हात धरला.

“जनुकांत हात घालून केलेली एकही वस्तू या मठात वापरली जाणार नाही. आण आहे!”

धुनीवर घेतलेली आण अख्ख्या मठाला लागू, ही तिथली रीत. कमळजा अंगणात उतरून रोपं गोळा करू लागली.

मठाचे गुरू, सोमनाथबाबा, ओसरीवरून सगळं बघत होते.

जेवणवेळ झाली. अकरा वर्षांच्या नेमाप्रमाणे हंसनाथ इन्सुलिनची सुई घेऊन बाबांपुढे बसला. या सेवेचा त्याला भारी अभिमान.

“ठेव ती.”

“बाबा! गेल्या साली दोन दिवस सुई चुकली, तर मरता मरता वाचलात.”

“आण आहे ना?”

“तिचा इथं काय संबंध?”

“विचार त्या डॉक्टरबाईंना.”

कमळजा अजून अंगणात रोपं सावरत होती. “माणसाचं जनुक जंतूत घालतात. मग तो जंतू हे औषध तयार करतो.”

हंसनाथाच्या तोंडचं पाणी पळालं.

“मला माहीत नव्हतं…”

“माहीत नव्हतं, तर धुनीवर हात कशाला धरलास, गाढवा?” बाबा कडाडले. त्यांचा चढलेला आवाज मठानं आजवर ऐकला नव्हता. “वाढा रे मला!”

ताट आलं. बाबांनी भाताचा घास उचलला.

हंसनाथानं त्यांचं मनगट घट्ट धरलं.

“मोडतो आण. हवं तर मठाबाहेर काढा मला… पण सुई घ्या.”

“मोडायची कशी, ठाऊक आहे ना?”

ठाऊक होतं. ज्यानं जे बाहेर फेकलं, त्यानंच ते आपल्या हातानं आत आणायचं.

…

हंसनाथ अंगणात उतरून एकेक रोप उचलू लागला, तेव्हा बाबांनी घास ताटात ठेवला.

“कुदळ कोपऱ्यात आहे. खड्डे खोल घे. आणि आटप लवकर, भूक लागलीय मला.”